बॅटरी बसते कशानं

उदगीरच्या मोंढ्यात मलप्पा आप्पांचं आडतीचं दुकान होतं. तूर, हरभरा, सोयाबीन, पोती, काटा आणि हमाल यांच्यात त्यांची हयात गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी दुकान मुलाच्या, श्रीशैलच्या हवाली केलं आणि ते घरी बसले. दुकान मोंढ्यातच राहिलं, पण हमालांना हाकारायचा आवाज मात्र आप्पांबरोबर घरी आला.

श्रीशैल आणि सून मोंढ्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहत. त्यामुळे आप्पांच्या हाताखाली आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची बायको, कमलम्मा. आप्पा सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकत. डाळ कितपत भिजली, मोहरी तडतडायच्या आधीच जिरं का पडलं, गॅसची टाकी भिंतीला एवढी चिकटून कशाला ठेवली, हे सगळं ते तिथून विचारत. भांडं पडलं की विचारत, काय पडलं. बराच वेळ काही पडलं नाही की विचारत, आज एवढं गप्प कामून. कमलम्मा बोलणाऱ्या बाई नव्हत्या. त्या 'हाव' म्हणत आणि आपल्याच पद्धतीनं फोडणी देत.

अंगणात पत्र्याच्या शेडखाली आप्पांची जुनी पांढरी अँबॅसिडर उभी असे. ती विकून टाका म्हणून श्रीशैलनं एकदा सांगून पाहिलं. आप्पा म्हणाले, तिच्या आधी मला विक. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी कमलम्मा चष्मा शोधत गाडीपाशी गेल्या. आदल्या दिवशी बीदरहून येताना तो मागच्या सीटवर राहिला होता. आप्पा आत घोरत होते. चष्मा सापडला, पण वाकल्यामुळे कमरेत कळ आली, म्हणून त्या जरा सीटवर टेकल्या आणि ऊन लागतं म्हणून दार ओढून घेतलं. दार लागलं तसा सगळा आवाज बंद झाला. घोरणं नाही, भांडी नाही, प्रश्न नाहीत. कमलम्मा तशाच बसून राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काहीही न करता बसायला आपल्याला अशी जागा कधी मिळाली होती, ते त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, या वेळी चष्मा नाकावर होता. गाडीत पुढं एक छोटा पंखा आणि एक रेडिओ होता. फार पूर्वी कुणा वायरमननं या दोन्हींची वायर थेट बॅटरीला जोडून दिली होती, त्यामुळे किल्ली नसली तरी दोन्ही चालत. कमलम्मांनी पंखा लावला. मग हळूच रेडिओ लावला. जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. तेव्हापासून आप्पा आडवे झाले की त्या रोज गाडीत येऊन बसायला लागल्या. शेंगा सोलायला घेऊन जात नसत की गव्हातले खडे वेचायला नेत नसत. गाडीत काम न्यायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता.

आणि मग एका सकाळी आप्पांनी किल्ली फिरवली तर सेल्फनं नुसतं 'कट' केलं आणि गाडी गप्प झाली.

त्या दिवशी शेजारच्या रविकांतनं आणि दोन वाटसरूंनी धक्का मारला, गाडी चालू झाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग बजरंग मिस्त्रीला बोलावणं गेलं. बजरंगचं गॅरेज निलंगा रोडला होतं आणि जुन्या गाड्यांत त्याच्याएवढा जाणकार जिल्ह्यात नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्यानं बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला हिरवा-पांढरा गंज गरम पाणी ओतून काढला, वरून ग्रीस लावलं, बॅटरीत पाणी भरलं आणि आता वर्षभर बघायचं काम नाही म्हणाला. आठवडाभर बघायचं काम पडलं नाही. मग त्यानं पट्टा आवळला, डायनमो तपासला, सेल्फ खोलून कार्बन बदलले. शेवटी बॅटरीच बदलली. नवी बॅटरीही बसली.

बजरंग मोठ्या चिकाटीचा होता. एका सकाळी येऊन त्यानं बॅटरीची एक वायर काढली, मध्ये दिवा जोडून करंट कुठं गळतो का पाहिलं. दिवा लागला नाही. सकाळी गाडीत कोणी नसल्यावर तो लागणार कसा? पण हे बजरंगला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर कमलम्मांनाही माहीत नव्हतं. एवढ्याशा रेडिओनं एवढी मोठी गाडी आजारी पडते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. उलट बिचाऱ्या गाडीला वयाचा त्रास होत असणार असं त्यांना वाटत होतं.

त्या चहा घेऊन अंगणात आल्या तेव्हा बजरंग आप्पांना सांगत होता, की गाडी बंद असताना कोणी दिवा, पंखा, रेडिओ चालू ठेवला तर बॅटरी अशीच बसते. पण किल्ली तर आप्पांच्या उशाखाली असते, तेव्हा तो प्रश्नच नाही.

कमलम्मांच्या हातातल्या कपबश्या जराशा वाजल्या. आप्पांनी विचारलं, काय वाजलं. काही नाही, म्हणत त्या आत गेल्या आणि उद्यापासून गाडीत जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. तो निश्चय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. जेवण झाल्यावर आप्पांनी त्यांना लोणच्याच्या बरणीचं झाकण कसं लावायचं ते नीट समजावून सांगितलं. लोणचं कमलम्मांनी घातलं होतं, बरणी त्यांच्या माहेरची होती. आप्पा झोपल्यावर त्या गाडीत जाऊन बसल्या.

सगळे उपाय हरले तेव्हा बजरंगनं हात पुसत आप्पांना कानात सांगितलं, "आप्पा, मशीन एकदम ओके हाय. मला वाटतंय गाडीत काहीतरी येऊन बसूलालंय."

आप्पा लिंगायत शरणांच्या विचारातले, भुताखेतावर विश्वास नसलेले. पण चोर असू शकतो, म्हणून त्यांनी रात्री झोपण्याआधी चारही दारांच्या मुठींना काळा दोरा बांधायला सुरुवात केली. सकाळी दोरा जसाच्या तसा मिळे. मग दोरा वाया जाऊ नये म्हणून ते तो सोडून, गुंडाळून खिशात ठेवत. गाडी दिवसभर बिनदोऱ्याची असे.

याच सुमारास सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत वास्तूची चर्चा निघाली. माणसानं उत्तरेला डोकं करून झोपू नये असं कोणीतरी म्हणालं. आप्पा घरी आले ते विचारातच. बॅटरीला दोन टोकं असतात, पृथ्वीलाही दोन टोकं आहेत, मग माणसाच्या झोपेला दिशा लागते तर बॅटरीला का लागू नये? आपली गाडी इतकी वर्षं दक्षिणेला तोंड करून उभी होती. माणसाचं उलटं तर गाडीचं सुलटं, म्हणजे तिचं तोंड उत्तरेला पाहिजे. त्यांनी रविकांतला बोलावून त्याच दिवशी गाडी फिरवली. कपडे वाळत घालायची तार काढावी लागली, आणि डाव्या बाजूची दारं बेलाच्या झाडाला लागून बसली. ती उघडेनाशी झाली.

नेमक्या त्याच संध्याकाळी देवणीहून फोन आला. कमलम्मांच्या धाकट्या बहिणीचं, महानंदाचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. घरात करायला कोणी नव्हतं. कमलम्मा सकाळच्या बसनं देवणीला गेल्या आणि महिनाभर तिथंच राहिल्या.

त्या महिन्यात बॅटरी एकदाही बसली नाही.

कमलम्मा परत आल्या तेव्हा रिक्षा गल्लीत शिरेना. रविकांतची जुनी मारुती रस्त्याला आडवी होती आणि तिचं नाक समोरच्या फाटकात घुसलं होतं. पलीकडे गल्लीतल्याच नागप्पांची जीप त्याच दिशेला तोंड करून अर्धी गटारावर उभी होती. गल्ली पूर्व-पश्चिम होती, त्याला त्या गाड्या तरी काय करणार? कमलम्मा पिशवी घेऊन दोन गाड्यांच्या मधून अंग चोरत घरी पोचल्या. दूधवाला, रविकांतनंच सांगितलं, आता कोपऱ्यावर उभा राहून हाका मारतो.

आप्पांचं नाव झालं होतं. रविकांतची गाडीही सकाळी चालू होत नसे. आप्पांनी आधी त्याला टर्मिनल धुवायला लावले, मग गाडी उत्तरेला करायला लावली, आणि गाडी एका किल्लीत चालू झाली. टर्मिनलचं पुढं कोणी नाव काढलं नाही. लोक संध्याकाळी आप्पांकडे येऊन बसत. आपली गाडी कुठं उभी असते ते सांगत, आणि आप्पा डोळे मिटून विचार करून सल्ला देत. बजरंगसुद्धा एकदा येऊन गेला. आपण वायरिंगच्या अंगानंच विचार करत राहिलो, पृथ्वीच्या अंगानं केलाच नाही, असं तो म्हणाला म्हणे.

आप्पा खुशीत होते. खुशीत असल्यामुळे त्यांचं स्वयंपाकघराकडे थोडं दुर्लक्ष झालं होतं, हे कमलम्मांच्या लक्षात आलं. आता गाडीत बसलं तर या माणसाचं हसं होईल. म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. दुपारी त्या माजघरात चटई टाकून पडत. आप्पा घोरत. घोरणं थांबलं की विचारत, झोपलीस का. झोपलेल्या असल्या तर त्यानं जाग येई.

पावसाळा संपला, उकाडा आला. एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, आप्पा घोरतच राहिले, आणि कमलम्मा उठून अंगणात गेल्या. पुढचं त्यांचं नेहमीचं दार बेलामुळे उघडत नव्हतं, म्हणून पंख्याजवळ बसायला त्या पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या जागी बसल्या. पंखा लावला, रेडिओ लावला. पाच मिनिटं बसून उठायचं होतं. पण देवणीत महिनाभर बहिणीची उस्तवार केलेली, इथं झोप मोडलेली, त्यांचा तिथंच डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, गाणी संपून बातम्या चालू होत्या आणि पंखा रडत-रडत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं होतं. रविकांतच्या नातीचं बारसं होतं. मारुतीत सगळे मावणार नाहीत म्हणून आप्पांनी मोठ्या मनानं आपली अँबॅसिडर देऊ केली होती. सकाळी रविकांत, त्याची बायको उमाबाई आणि त्याचे दोन भाऊ तयार होऊन आले. उमाबाई बाळाच्या कपड्यांची आणि चांदीच्या वाळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागं बसल्या. आप्पांनी किल्ली फिरवली. 'कट'सुद्धा झालं नाही.

गल्लीतली माणसं गोळा झाली. आप्पा खाली उतरले. थोडा वेळ गाडीकडे पाहत उभे राहिले आणि मग त्यांना कारण सापडलं. गाडी उत्तरेला होती, पण बरोबर उत्तरेला होती का? श्रीशैलनं दिलेल्या मोबाइलमध्ये होकायंत्र होतं. ते काढून त्यांनी बॉनेटवर ठेवलं. काटा एकीकडे. हातात धरलं, काटा दुसरीकडे. पुन्हा बॉनेटवर ठेवलं तर तिसरीकडे. शेवटी हातातलं खरं धरायचं ठरलं. गाडी जराशी तिरकी निघाली.

मग ती सरळ करायला सुरुवात झाली. अंगण लहान, एका बाजूला बेल, दुसऱ्या बाजूला भिंत. चार माणसं गाडी वीतभर पुढं ढकलत, आप्पा स्टेअरिंग फिरवत, मग वीतभर मागं. उमाबाईंना उतरायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी एकदा बसले ती बारशालाच उतरणार. त्यामुळे त्यांच्यासकट ढकलणं चाललं. नागप्पा मोबाइल धरून मधे उभे राहिले आणि आणखी थोडं, आणखी थोडं, असं सांगू लागले. रविकांतचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. त्याच्या धाकट्या भावानं दम खात विचारलं, की बारसं दुपारी आहे की संध्याकाळी.

कमलम्मा दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. मग त्या म्हणाल्या, "जरा आत या."

आप्पा म्हणाले, थांब. त्या पुन्हा म्हणाल्या, आत या. त्यांनी आजवर एकच गोष्ट दोनदा सांगितली नव्हती, म्हणून आप्पा आत आले.

"उत्तर-दक्षिण सोडा," कमलम्मा म्हणाल्या. "दुपारी तुम्ही झोपलाव की मी गाडीत बसते. पंखा लावते, रेडिओ लावते. काल झोप लागली, ते चालूच राहिलं."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कवापासून?"

"चष्मा राहिला होता तवापासून."

आप्पा खुर्चीवर बसले. टर्मिनल, कार्बन, डायनमो, नवी बॅटरी, काळा दोरा, गल्लीतल्या आडव्या गाड्या, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं. बाहेरून नागप्पांनी विचारलं, आप्पा, अजून डावीकडं घ्यायची का. आप्पा उठले, धोतर सारखं केलं आणि बाहेर गेले. आता ते काय सांगतात म्हणून कमलम्मा दारामागं थांबल्या.

"झाली बरोबर," आप्पा म्हणाले. "आता फाटकाबाहेर काढा आन धक्का मारा."

गाडी गल्लीत काढली. उतारावर धक्का बसला, आप्पांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिननं उचल घेतली. रविकांत घाम पुसत नागप्पांना म्हणाला की बघा, एवढ्याशा फरकानं केवढं अडलं होतं. नागप्पा लगेच आपली जीप मोजायला गेले.

नांदेडपर्यंत गाडी आप्पांनीच चालवली. कमलम्मा पुढं त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. मुखेडजवळ चहाला थांबले तेव्हा आप्पांनी इंजिन बंद केलं नाही, गाडीतच बसून चहा घेतला. बारसं छान झालं. जेवताना रविकांतचे व्याही आप्पांच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्याकडेही एक जुनी गाडी होती, आणि उत्तरेची कीर्ती नांदेडला पोचली होती. त्यांनी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. आप्पांनी भात कालवला आणि सांगितलं, की आधी टर्मिनल गरम पाण्यानं धुवा, बाकीचं मागून बघू. व्याही जरा हिरमुसले. एवढंच का, असं त्यांच्या तोंडावर होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर कमलम्मांनी दिवा लावला, विभूतीचा करंडा जागेवर ठेवला आणि त्या भाकरीचं पीठ घेऊ लागल्या. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. खुर्ची न टाकता उभेच राहिले.

"तिथं बसून करतीस काय?"

"काय न्हाई. बसते."

"घरात बसायला जागा न्हाई का?"

"जागा लई हाय," कमलम्मा म्हणाल्या. "तुमचा आवाज बी हाय."

आप्पा दारातून मागं फिरले. ते रागावलेत की काय, हे कमलम्मांना कळेना. भाकरी तव्यावर पडली तेव्हा ते बाहेर जाऊन पायरीवर बसले होते. रात्री ते जेवायला आले. आमटीत मीठ कमी होतं, ते त्यांनी स्वतःच उठून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आप्पांनी टोपी घातली आणि दुकानात जाऊन येतो म्हणून ते चालत मोंढ्याकडे गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आठवड्यानं श्रीशैलचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता. आप्पा रोज दुपारी येऊन गादीवर बसतात, पोत्यांची थप्पी उलटी लावायला सांगतात, हमालांनी तोंडं फिरवली आहेत, कॉम्प्युटरवाल्या मुलीला त्यांनी पाढे विचारले. "अव्वा, त्यांना दुपारचं घरी ठेव ना. तुला काय होतंय?"

कमलम्मांनी त्याला शांतपणे विचारलं की त्याची दुपारची जेवणं वेळेवर होतात का, आणि फोन ठेवला.

आता दुपारी घर रिकामं असे. कमलम्मा माजघरात पंख्याखाली पाय पसरून बसत. कोणी काही विचारत नसे. चार-पाच दिवस हे बरं वाटलं. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की आपण उगाचच अंगणाच्या दारात येऊन उभ्या आहोत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बजरंगला बोलावून घेतलं आणि गाडी चालू कशी करतात ते दाखव म्हणाल्या. चालवायची नाही, नुसती चालू करायची. कारण विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं. बजरंगनं आधी बॉनेट उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाला, की करंट गळतो असं आपल्याला पहिल्यापासून वाटत होतं. त्यानं त्यांना न्यूट्रल दाखवला, चोक दाखवला, किल्ली दाखवली. रेडिओ लावायचा असेल तर इंजिन जरा वेळ चालू ठेवा, मग बॅटरी बसणार नाही, तुम्ही खुशाल बसा, असं त्यानं सांगितलं. जाता जाता ही गोष्ट कुणाला सांगू नका, अशी विनंतीही केली. ती त्यानं कुणासाठी केली ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा आप्पा मोंढ्यातून लवकर परतले. त्या दिवशी हमालांनी त्यांना चहा पाजून, आप्पा आता घरी जावा, असं हात जोडून सांगितलं होतं. फाटकातून आत येतात तो अंगणात इंजिन धडधडत होतं आणि कमलम्मा ड्रायव्हरच्या जागी पदर सारखा करून बसल्या होत्या.

आप्पा डावीकडे गेले. ते दार बेलाला लागत होतं. फाटकाकडे गाडी सरकवल्याशिवाय आत शिरता येईना. त्यांनी पुढून खांदा लावून गाडी वीतभर मागं लोटली, दार जेमतेम उघडलं आणि पोट आत घेऊन ते शेजारी बसले. कमलम्मांनी रेडिओचा आवाज कमी केला नाही.

इंजिन जरा जास्तच उंच चालत होतं. चोक आत घालायला पाहिजे होता. आप्पांचा हात उचलला गेला, तोंडही उघडलं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत ते समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. गाणं संपल्यावर कमलम्मांनी चोक स्वतःच आत ढकलला.